सोलर शेवटी, आधी गळती: बेळगाव सीमाभागातल्या घरात, मळ्यात आणि वर्कशॉपमध्ये वीज-जळण वाचवायची वाट

सोलर बसवू का, हा प्रश्न हल्ली बेळगाव, खानापूर, निपाणीकडं कुणीही विचारतं. माझं उत्तर ठरलेलं आहे: बसवा, पण शेवटी. आधी मोजा, मग गळती थांबवा, मग जुनी यंत्रं बदला, आणि एवढं करून जी गरज उरेल तेवढ्यापुरतंच सोलर घ्या. हा क्रम उलटा केला की वाया जाणारी वीज तयार करण्यासाठी आपण महागडे पॅनेल विकत घेतो.

आपल्याकडं एक अडचण वेगळी आहे. कर्नाटकात गृहज्योतीमुळं (घरगुती वीज ठरावीक युनिटांपर्यंत मोफत देणारी राज्य सरकारची योजना) अनेक घरांचं बिल शून्य येतं आणि १० एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला वीज मोफत आहे. वीज फुकट मिळाली की तिचा हिशेब कुणी ठेवत नाही. पण आपण बटण दाबलं की रायचूर-बळ्ळारीकडच्या औष्णिक केंद्रात कोळसा जळतोच. देशाच्या ग्रिडमधल्या (सगळीकडं वीज पोचवणाऱ्या तारांच्या जाळ्यातल्या) विजेच्या एका युनिटमागं आज सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. बिल कुणीही भरो, हा आकडा बदलत नाही.

पहिली पायरी: बाराही महिन्यांचा हिशेब

हेस्कॉमची (आपल्या भागातली वीज कंपनी) मागची बारा बिलं काढा. बिल हरवलं असेल तर आर.आर. नंबर (वीजजोडणीचा क्रमांक) किंवा खाते क्रमांकावरून माहिती मिळते. हुक्केरी तालुक्यात ग्रामीण वीज सहकारी संघाचा पुरवठा आहे, तिथल्यांनी संघाकडं विचारावं. बिलावरचा मजकूर कन्नडमध्ये असला आणि तुम्हाला वाचता येत नसेल, तर घरातलं शाळकरी मूल तो सहज वाचून देईल. आपल्याला दोनच गोष्टी हव्या आहेत: महिन्याचे युनिट आणि मंजूर भार किती किलोवॅटचा आहे तो. स्थिर आकार (वापर कितीही असो, दर महिन्याला द्यायची रक्कम) मंजूर भारावर लागतो, म्हणून तोही पाहून ठेवायचा.

एका वहीत महिन्यागणिक युनिट लिहा आणि ०.७ नं गुणा. गॅसचा १४.२ किलोचा सिलिंडर संपला की ४२ किलो कार्बन डायऑक्साइड धरा. पेट्रोलच्या लिटरला २.३ आणि डिझेलच्या लिटरला २.७ किलो धरा. समजा एका घरात महिन्याला १५० युनिट, एक सिलिंडर आणि २० लिटर पेट्रोल लागतं. वीज १०५, गॅस ४२, पेट्रोल ४६, म्हणजे एकूण १९३ किलो. हा आकडा समोर आला की कुठं हात घालायचा ते आपोआप दिसतं. आमच्याकडं बहुतेकांची समजूत असते की गाडी हाच मोठा दोषी. वरच्या घरात मात्र निम्म्याहून जास्त वाटा विजेचा आहे.

तुलना करताना या महिन्याची मागच्या महिन्याशी करू नका. आपल्याकडं पावसाळा लांबतो, थंडीच्या सकाळी पाणी तापवणं वाढतं आणि एप्रिलमध्ये पंखे रात्रभर फिरतात. म्हणून यंदाचा जानेवारी मागच्या जानेवारीशी ताडून पाहायचा.

दुसरी पायरी: मीटरलाच विचारा

घरातली प्रत्येक वस्तू किती वीज खाते हे कळायला वेगळं यंत्र लागत नाही. डिजिटल मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि मीटरच्या तोंडावर युनिटला किती लुकलुकी ते छापलेलं असतं. समजा ३२०० आहे. घरातली सगळी बटणं बंद करा आणि सहा मिनिटं दिवा मोजा. ३२ वेळा लुकलुकला तर घर "बंद" असतानाही १०० वॅट चालू आहेत. कुठं जातात? सेट-टॉप बॉक्स, इन्व्हर्टर, वायफाय, मोबाइलचे चार्जर. नुसता १० वॅटचा सेट-टॉप बॉक्स चोवीस तास चालू राहिला तरी महिन्याला ७ युनिट खातो. काहीच लावलेलं नसताना दिवा जोरात लुकलुकत असेल तर वायरिंगमध्ये गळती आहे. ते धोक्याचं आहे, त्याच दिवशी वायरमन बोलवा.

मग एकेक वस्तू लावून पुन्हा मोजा. अर्ध्या तासात घराचा नकाशा तयार होतो.

तिसरी पायरी: घरातले खरे खादाड

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच आहे. त्यामुळं एसीची गरज कमी आणि अंघोळीच्या गरम पाण्याची जास्त. शहरातल्या बहुतेक घरांत सगळ्यात मोठा ग्राहक गिझरच निघतो. १५ लिटर पाणी २२ अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला सुमारे ०.४ युनिट लागतं. पाच माणसांच्या पाच बादल्या म्हणजे रोज २ युनिट, महिन्याला ६०.

गृहज्योतीचा हिशेब इथं लक्षात घ्या. मोफत युनिट सरसकट २०० नसतात. २०२२-२३ मधला तुमचा सरासरी वापर आणि वर साधारण १० टक्के, एवढीच तुमची मर्यादा. त्यापुढचे युनिट तुमच्या खिशातून जातात आणि २०० ओलांडले तर पूर्ण बिल भरावं लागतं. म्हणजे ज्यांचा वापर १९०-२१० च्या आसपास घुटमळतो, त्यांना गिझरवरचे वीस युनिट वाचवणं सगळ्यात फायद्याचं.

उपाय सोपे आहेत. गिझरचा थर्मोस्टॅट ५० अंशांवर आणा. एकामागून एक अंघोळी उरका, म्हणजे पाणी पुन्हा पुन्हा तापवावं लागत नाही. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर दर वर्षी कॉइलवरचा थर काढून घ्या. गच्चीला ऊन असेल तर सोलर वॉटर हीटर मला वीज बनवणाऱ्या पॅनेलहून आधी घ्यावासा वाटतो. १०० लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर नेलं की ४ युनिटांचं काम झालं, आणि त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नसतं. खानापूर आणि पश्चिमेच्या गावांत जून ते ऑगस्ट ऊन क्वचितच मिळतं, तिथं हे तीन महिने बंबच चालवावा लागतो. मग बंबाला कोरडं जळण घाला. ओल्या लाकडातलं पाणी वाफ होण्यातच बरीच उष्णता निघून जाते आणि वर धूर होतो तो वेगळाच. पावसाच्या आधी जळण पडवीत रचून ठेवायची जुनी रीत त्यासाठीच होती.

पंखे. जुना पंखा ७५ वॅटचा, नवा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा) ३० च्या आसपास. दिवसाला १२ तास चालला तर एका पंख्यामागं महिन्याला १६ युनिट वाचतात. सगळे एकदम बदलू नका. झोपायच्या खोलीतला आणि माजघरातला आधी, बाकीचे बिघडतील तसे.

फ्रिजच्या दारावर स्टार मोजत बसण्यापेक्षा लेबलवरचा वर्षाचा युनिटांचा आकडा वाचा. ताऱ्यांचे निकष दर काही वर्षांनी कडक होतात, म्हणून जुन्या लेबलचे पाच तारे आजच्या पाचांच्या तोडीचे नसतात. साध्या एका दाराच्या नव्या फ्रिजला वर्षाला १५० ते २०० युनिट पुरतात. पंधरा-वीस वर्षांचा फ्रिज त्याच्या दुप्पट-तिप्पट खाऊ शकतो. नवा घेतलात तर जुना माळ्यावर किंवा मळ्यातल्या घरात पुन्हा सुरू करू नका, नाहीतर बचत तिथंच संपली.

स्वयंपाकात झाकण, कुकर आणि वेळेवर आच कमी करणं यापलीकडं शहरात फार सांगण्यासारखं नाही. चिकोडी-निपाणीकडं ज्यांच्या गोठ्यात चार-पाच जनावरं आहेत त्यांच्यासाठी गोबर गॅस मात्र मनापासून सांगतो. रोज ५० किलो शेण २ घनमीटरच्या प्लांटला पुरतं आणि त्यातून ०.८५ किलो एलपीजीइतकी आच मिळते, म्हणजे साधारण सतरा दिवसांत एक सिलिंडर. प्लांटमधून निघणारी स्लरी शेताला जाते. एकच काळजी घ्यायची: पाइप आणि घुमट गळता कामा नये. मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो, त्यामुळं गळका प्लांट नसलेला बरा. दर महिन्याला जोडांवर साबणाचं पाणी लावून फुगे येतात का ते पाहा.

चौथी पायरी: मळ्यातला पंप

इथं मला जास्त थांबायचं आहे, कारण या जिल्ह्यात वाया जाणाऱ्या विजेचा मोठा भाग विहिरी-बोअरवर आहे आणि कुणी तिकडं बघत नाही.

वीज मोफत आहे तर पंप सुधारून काय मिळणार, असं शेतकरी विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. उत्तर असं: थ्री-फेज वीज दिवसात ठरावीक तासच मिळते. चांगला पंप त्याच तासांत जास्त पाणी देतो. शिवाय एका ट्रान्सफॉर्मरवरचे सगळे पंप जादा करंट ओढायला लागले की व्होल्टेज पडतं, मोटारी जळतात, ट्रान्सफॉर्मर उडतो आणि ऐन उन्हाळ्यात ऊस वाळत असताना आपण दुरुस्तीची वाट बघत बसतो.

पंपाची परीक्षा अशी घ्या. २०० लिटरचा बॅरल पाइपच्या तोंडाखाली धरा आणि भरायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजा. समजा ४० सेकंद, म्हणजे सेकंदाला ५ लिटर. आता विहिरीतल्या पाण्याच्या पातळीपासून पाइपच्या तोंडापर्यंतची उभी उंची मोजा, समजा २५ मीटर. या दोन आकड्यांचा गुणाकार करून ९.८१ नं गुणा: ५ × २५ × ९.८१ म्हणजे सुमारे १,२२५ वॅट. पाणी उचलायला खरी गरज एवढीच. मग वायरमनकडून टाँगटेस्टरनं (वायरीला चिमट्यासारखं लावायचं यंत्र) करंट मोजून घ्या. ५ एचपीची मोटार ४०० व्होल्टला साडेसात अँपिअर ओढत असेल तर ती जवळपास सव्वाचार किलोवॅट खाते. म्हणजे शंभर रुपयांच्या विजेतले २९ रुपयेच पाणी उचलतात. चांगल्या जोडणीत हा आकडा ४५-५० पर्यंत जातो.

राहिलेलं कुठं जातं ते क्रमानं शोधा. सगळ्यात आधी फूट व्हॉल्व्ह, म्हणजे पाण्यात बुडालेल्या पाइपच्या तळाची जाळीची झडप. जाळीत शेवाळ-कचरा अडकला असेल, किंवा व्हॉल्व्हच लहान तोंडाचा असेल, तर पंपाचा दम तिथंच जातो. मग पाइप. पाण्याचं घर्षण पाइपच्या व्यासावर फार अवलंबून असतं. तेवढंच पाणी दोन इंचीऐवजी अडीच इंची पाइपातून नेलं तर घर्षण जवळपास तिसऱ्या हिश्श्यावर येतं. गंजलेली लोखंडी पाइप काढून पीव्हीसी किंवा एचडीपीई घाला, काटकोनी एल्बोऐवजी लांब वळणाचे बेंड वापरा, आणि डिलिव्हरीचं तोंड बांधाच्या वर गरजेपेक्षा उंच नेऊ नका. एवढं केलं तरी बॅरल भरायला लागणारा वेळ कमी झालेला दिसेल.

त्यानंतर कॅपॅसिटर. मोटारीच्या एचपीप्रमाणं योग्य कॅपॅसिटर लावला की लाइनमधला करंट उतरतो आणि व्होल्टेज सावरतं. एकट्यानं लावून थोडा फायदा, ट्रान्सफॉर्मरवरच्या सगळ्यांनी लावला तर भरपूर. गावच्या बैठकीत काढण्यासारखा हा विषय आहे. मोटार दोन-तीनदा रिवाइंड झाली असेल तर तिच्यावर आणखी पैसे घालण्यापेक्षा स्टार लेबलचा नवा पंप घ्या, आणि तो घेताना आपल्या विहिरीची उंची सांगून घ्या. ५० मीटरसाठी बनवलेला पंप २५ मीटरवर लावला तर तो कधीच नीट चालणार नाही, कितीही नामवंत कंपनीचा असो.

ऑटो-स्टार्टर मात्र काढाच. रात्री वीज आली की पंप आपोआप सुरू होतो आणि सकाळपर्यंत सऱ्या तुडुंब. अथणी, रायबाग, चिकोडीकडं कृष्णाकाठच्या जमिनी जास्त पाण्यानं खारवट होताना आपण बघतो आहोत. मोबाइलवरून चालू-बंद होणारा स्टार्टर मिळतो, तो लावा. उसाला ठिबक केलं तर पाणी तीस-चाळीस टक्क्यांनी वाचतं आणि तेवढाच पंप कमी चालतो.

पाणी सोडून शेतातल्या दोन गोष्टी. पाचट जाळू नका. एकरी तीन ते चार टन पाचट निघतं. खोडव्यात ते सरीत दाबून टनामागं ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारं जिवाणू कल्चर टाकलं की ते कुजतं, ओल टिकते, पाण्याच्या पाळ्या कमी होतात. पेटवलं तर जमिनीत जायचा कार्बन आणि नत्र धुरात जातो. दुसरं, युरिया एकदम न टाकता हप्त्यांत टाका, मातीत मिसळा. जादा नत्रातून नायट्रस ऑक्साइड निघतो आणि तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २७० पट तीव्र आहे.

ज्यांचं गुऱ्हाळ आहे त्यांनी चुलाणाकडं पाहावं. नुकतंच निघालेलं चिपाड जवळपास निम्मं पाणी असतं. ते पूर्ण वाळवूनच घाला. चुलाणाचं तोंड गरजेपेक्षा मोठं असेल तर थंड हवा आत घुसते आणि धुराड्यातून उष्णता निघून जाते. धुराड्याकडं जाणाऱ्या गरम धुरावर रसाची पहिली काहील ठेवली की मुख्य काहिलीत रस कोमट होऊनच येतो. चिपाड उरलं तर ते पुन्हा शेतात किंवा विकायला.

पाचवी पायरी: उद्यमबागेतली फाउंड्री, वडगावातला माग

फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात, कुपोला (कोकवर चालणारी भट्टी) काढून इंडक्शन फर्नेस (विजेची भट्टी) घ्या म्हणजे कार्बन कमी होतो, असं सरसकट सांगितलं जातं. मी आकडा मांडून बघायला सांगतो. इंडक्शनला टनाला ६०० युनिट धरले तर ग्रिडच्या विजेवर ४२० किलो कार्बन डायऑक्साइड. कुपोलात टनाला १५० किलो कोक लागला तर साधारण ४५० किलो. फरक फार नाही. इंडक्शनचे फायदे धातूच्या रसायनावरच्या ताब्यात आणि कमी धुरात आहेत, आणि वीज सोलर-पवनची घेतली तर कार्बनचा फायदाही मोठा होतो. पण फक्त कार्बनसाठी घाईनं कर्ज काढू नका. कुपोलाच ठेवायचा असेल तर डिव्हायडेड ब्लास्ट पद्धतीचा (दोन पातळ्यांवरून हवा सोडणारा), नीट मापानं बांधलेला कुपोला कोकची लक्षणीय बचत करतो.

त्याआधी रिजेक्शन, म्हणजे बाद होणारा माल, बघा. १०० टन चांगला माल द्यायचा असेल आणि रिजेक्शन ८ टक्के असेल तर १०८.७ टन ओतावं लागतं. ४ टक्क्यांवर आणलं तर १०४.२ टन. साडेचार टन धातू दुसऱ्यांदा वितळवायचा वाचला, म्हणजे नुसत्या वितळवण्यातच सुमारे २,७०० युनिट. वाळूचा ओलावा रोज तपासणं, मोल्डच्या (साच्याच्या) कडकपणाची नोंद, ओतताना तापमान मोजणं, याला यंत्रापेक्षा शिस्त लागते.

इंडक्शनवर झाकण ठेवा. उघड्या तोंडातून दिसणारा तो लाल उजेड म्हणजे विकत घेतलेली उष्णता बाहेर जाते आहे. स्क्रॅप वाळूसकट टाकू नका, ती वाळू वितळून नुसता स्लॅग (मळी) होतो आणि त्यालाही वीज लागते. लॅडल (वितळलेला धातू न्यायचं भांडं) तयार नाही म्हणून धातू फर्नेसमध्ये धरून ठेवणं टाळायला मोल्डिंगवाल्यांशी आधी बोलून हीटची (भट्टीतल्या प्रत्येक खेपेची) वेळ ठरवा.

कॉम्प्रेसरची (दाबाखालची हवा पुरवणारं यंत्र) गळती रविवारी शोधा. सगळी यंत्रं बंद असताना कॉम्प्रेसर चालू करा आणि किती वेळ लोड घेतो, म्हणजे हवा भरत राहतो, ते बघा. काहीच वापर नसताना तो दहा मिनिटांतली तीन मिनिटं लोडवर असेल तर तीस टक्के हवा गळते आहे. सात बार दाबाच्या लाइनवर ३ मिलिमीटरचं एक भोक सुमारे तीन-साडेतीन किलोवॅट खातं. साबणाचं पाणी घेऊन प्रत्येक जोड तपासा. दाब गरजेपेक्षा जास्त ठेवला असेल तर तो एक बार कमी केला तरी कॉम्प्रेसरची सहा-सात टक्के वीज वाचते. एचटी (उच्च दाबाची वीज घेणाऱ्या) ग्राहकांनी पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतली किती कामी येते ते दाखवणारा आकडा) आणि महिन्यातली कमाल मागणी या दोन ओळी दर बिलात बघाव्यात. सगळ्या मोठ्या मोटारी एकाच वेळी न चालवता वेळा विभागून चालवल्या तर कमाल मागणी उतरते.

वडगाव-शहापूरकडच्या मागवाल्यांसाठी थोडक्यात: मागाला लागते त्यापेक्षा मोठी मोटार नको, पट्टा ताणलेला आणि सरळ रेषेत असावा, आणि मोटार जळून रिवाइंड करायची वेळ आली की उच्च कार्यक्षमतेच्या नव्या मोटारीची किंमत एकदा विचारा.

शेवटची पायरी: आता सोलर

वरचं सगळं झालं, तीन-चार महिन्यांचे नवे युनिट वहीत आले, मग गच्चीकडं बघा. आपल्या भागात १ किलोवॅटचे पॅनेल वर्षाच्या सरासरीनं दिवसाला ४ युनिट देतात आणि त्याला १०० चौरस फूट सावलीविना जागा लागते. ३ किलोवॅट म्हणजे वर्षाला ४,३०० च्या आसपास युनिट आणि ३ टन कार्बन डायऑक्साइडची बचत. खानापूरकडं पावसाळ्यात उत्पादन निम्म्याहूनही खाली येतं, ते गृहीत धरून चाला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ ला ६०,००० आणि ३ किंवा त्याहून जास्तीला ७८,००० रुपये अनुदान आहे. राष्ट्रीय पोर्टलवर खाते क्रमांक टाकून अर्ज करा, वीज कंपनीची परवानगी घ्या, यादीतल्याच विक्रेत्याकडून देशी बनावटीच्या सेलचे पॅनेल बसवून घ्या, नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा) लागला आणि तपासणी झाली की अनुदान बँक खात्यात येतं. ज्यांचं बिल गृहज्योतीत शून्यावर आहे त्यांना पैशाचा फायदा थोडाच होईल. २०० च्या वर जाणाऱ्या घरांनी, दुकानांनी, दवाखान्यांनी आधी पुढं यावं.

पॅनेल दक्षिणेकडं तोंड करून १५ अंशांच्या उतारानं बसवा. कौलारू छपरावर बसवायचं असेल तर वाशांची तपासणी सुताराकडून करून घ्या, कौलावर थेट काहीही ठोकू देऊ नका. पंप, पिठाची चक्की, वॉशिंग मशीन दुपारी चालवा, म्हणजे आपली वीज आपल्याच घरात वापरली जाते. साखर कारखान्यांच्या आसपासच्या गावांत गाळप हंगामात पॅनेलवर काजळी बसते, तेव्हा पंधरा दिवसांतून एकदा धुवा. पॅनेल तापायच्या आत, सकाळी लवकर धुवायचे, आणि बोअरचं पाणी वापरलं तर लगेच रबराच्या वायपरनं पुसून काढायचं. नाहीतर क्षाराचे पांढरे डाग बसतात आणि ते काजळीपेक्षा चिवट असतात.